अण्णांचा विधी

जहाज कोचीच्या धक्क्याला लागलं तेव्हा अण्णा आंघोळ उरकून, धुतलेलं धोतर नेसून पलंगाच्या कडेला बसले होते. टोपी मांडीवर होती. एसटीची वाट बघत स्टँडवर बसावं, तसे. त्यांच्या मागच्या खिडकीत काल दिवसभर नुसता समुद्र होता. आज तिथे क्रेनची लाल मान आणि एकावर एक रचलेले कंटेनर दिसत होते.

अण्णा म्हणजे माझे सासरे. मी त्यांना विचारलं, आज काही खाणार का. ते म्हणाले, "मिळाला तर." एवढंच बोलून त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि उठले.

काय मिळाला तर, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

गेल्या पावसाळ्यात माझा नवरा गेला. सकाळी दुकान उघडायला म्हणून गेला आणि शटर वर करता करता खाली बसला. शेतीच्या पंपांचं दुकान होतं आमचं. मी शाळेत मराठी शिकवायची, आता निवृत्त आहे. मुलगी पुण्याला नोकरीत. घरात उरलो अण्णा आणि मी. त्यांचा मुलगा आणि माझा नवरा ही एकच व्यक्ती असल्यामुळे आम्ही दोघं एकमेकांचं सांत्वन करू शकत नव्हतो. ते पुढच्या खोलीत बसत, मी मागच्या. दिवसातून दोनदा मी ताट वाढायची, ते जेवायचे. त्यांचं झालं की मी ओट्याशी उभ्यानं खाऊन घ्यायची. संध्याकाळी दिवे लागायच्या आत सगळं आवरलेलं असायचं, आणि मग मी पुस्तक उघडून बसायची. पुष्कळदा तेच पान.

कोल्हापूरसारख्या गावात दुःख लपवता येत नाही. भाजी घ्यायला गेलं तरी कुणीतरी थांबवायचं, हात धरायचं, आणि "असं कसं झालं हो?" म्हणून पुन्हा सगळं विचारायचं. माणसं वाईट नव्हती. पण मला रोज तीच गोष्ट नव्यानं सांगावी लागायची, आणि सांगताना ती माझीच आहे असं वाटेनासं व्हायचं.

सहलीची कल्पना माझ्या थोरल्या नणंदेची. तिला सगळे अक्का म्हणतात. ती जयसिंगपूरला दिलेली, व्यापाऱ्याच्या घरात, आणि तिचा आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातो. तिनं पुण्याला माझ्या मुलीला फोन केला, दोघींनी मिळून ठरवलं आणि मग आम्हाला सांगितलं. मुंबईहून जहाजात बसायचं, एक दिवस कोचीत उतरायचं, आणि समुद्रातनंच परत. शेजारच्या काकू म्हणाल्या की वर्ष व्हायच्या आत कुठं चैन करायला जाता. अक्का तिथंच होती. तिनं विचारलं, "सण बंद, लग्नकार्य बंद, आता समुद्रबी बंद काय?" काकू आपल्या घरी निघून गेल्या. मला मात्र नाही म्हणायला जमलं नाही. त्या दिवसांत मला कशालाच हो किंवा नाही म्हणता येत नव्हतं.

जहाजावर पहिल्या संध्याकाळी सगळं ठीक होतं. आमच्यासाठी जैन जेवण वेगळं, तेही सूर्य मावळायच्या आत. अण्णांनी दोन घास खाल्ले. दुसऱ्या दिवशी, नुसता समुद्र होता त्या दिवशी, ताट समोर आल्यावर त्यांनी हात जोडले आणि ताट हळूच पुढे सरकवलं.

"विधी मिळाला न्हाय," ते म्हणाले.

अक्काचा चमचा हातातच राहिला.

कोल्हापूर-शिरोळकडच्या आमच्या दिगंबर जैन घरांत हा शब्द लहान मुलालाही माहीत असतो. गावात मुनिमहाराज आले की सकाळी आहाराला निघताना ते मनात एक खूण धरतात, तोच विधी. नारळ घेतलेली बाई, कलश धरलेलं जोडपं, असं काहीही. ती खूण ज्या दारात दिसेल तिथं आहार. नाही दिसली तर तसेच परत, आणि त्या दिवशी उपास. खूण कुणाला सांगायची नाही. म्हणून मग गल्लीतली सगळी घरं आपापल्या अंदाजानं दारात उभी असतात, कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात दोन लिंबं. माझा नवरा आणि मीही असे कित्येकदा उभे राहिलो आहोत, एका कलशाला दोघांचे हात लावून. महाराज समोरच्या वळणावर दिसू लागले की तो ओठ न हलवता कुजबुजायचा, "आज वांगं धरलं असलं तर गं?" वांगं आमच्यात देवाधर्माच्या दिवशी घरातसुद्धा येत नाही. मला हसू आवरायचं नाही, आणि सासूबाई मागून चिमटा काढायच्या.

पण हे मुनींचं. संसारी माणसानं असा विधी धरल्याचं मी ऐकलं नव्हतं. अक्कानं तसं तोंडावर सांगितलंही. "अण्णा, तुम्ही काय महाराज लागून गेलासा? शेती केली, दुकान घातलं, नातवंडं खेळवली आणि आता जहाजात बसून विधी?" अण्णांनी ऐकून घेतलं. पाणी पिईन म्हणाले, गोळी घेईन म्हणाले. दिवसभर डेकवर खुर्ची टाकून बसले आणि सूर्य बुडाला तसे उठून झोपायला गेले.

मला भीती दुसऱ्याच गोष्टीची होती. आमच्यात म्हातारी माणसं एकेक वस्तू सोडत जातात. आधी तूप, मग दूध, मग एका वेळचं जेवण. लोक कौतुक करतात. शेवटी सोडायला काय उरतं ते सगळ्यांना ठाऊक असतं, पण घरात त्याचा उच्चार कुणी करत नाही. सासूबाई गेल्यावर अण्णांनी तूप सोडलं होतं. मुलगा गेल्यावर काय सोडतील, हे मी इतके महिने ताट वाढताना मनात मोजत होते. आता वाटलं, हेच ते. मिळणार नाही अशी काहीतरी खूण धरायची, आणि मग आपण सोडलं असं म्हणावं लागत नाही.

रात्री अक्कानं आणि मी ठरवलं. उद्या कोचीत अण्णा जेवले तर ठीक. सूर्य मावळेपर्यंत नाही जेवले, तर जहाज सुटायच्या आत पिशव्या घेऊन उतरायचं आणि रेल्वेनं घरी. पुढचं घरी डॉक्टरांना विचारून. अक्कानं सकाळीच एका पिशवीत घरून आणलेल्या दशम्या, दाण्याची चटणी आणि उकळलेल्या पाण्याची बाटली भरली. "कुठं मिळाला विधी तर जागेवर ताट पायजे," ती म्हणाली. तिनं विधीची चेष्टा केली होती, पण मोडायची तिचीही हिंमत नव्हती.

धक्क्याबाहेर एक रिक्षावाला मिळाला. वयस्कर, खाकी शर्ट, मोडकं हिंदी. दिवसभर फिरवून संध्याकाळी परत सोडायचं ठरलं. पूल ओलांडून जुन्या गावात आलो तेव्हा ऊन चढलं होतं, आणि हवा अशी दमट की चष्मा पुसावा तितक्यांदा पुन्हा धुरकट. रस्त्यांवर मोठमोठी झाडं, त्यांच्या फांद्यांवर दुसरीच झुडपं उगवलेली. मला एकदम लक्षात आलं की इथं मला कुणी ओळखत नाही. कुणी थांबवून हात धरणार नाही. मी कपाळाला हात लावून बघितलं, घाम होता तो पुसला, आणि रिक्षेच्या कडेला सरकून बसले, वारा लागावा म्हणून.

आधी एका जुन्या चर्चमध्ये गेलो. भिंतीला लावलेल्या थडग्यांच्या शिळा होत्या, अक्षरं झिजलेली. मी एकेक वाचत उभी राहिले. अण्णा मागून आले आणि विचारलं, काय लिहिलंय. मी म्हटलं, नावं आहेत, दूरच्या देशातनं आलेली माणसं, इथंच मेली. ते म्हणाले, "घरची माणसं बघायला यायची असतील काय?" मी म्हटलं, आता कोण येणार. त्यांनी शिळेवरून बोट फिरवलं, धान्य बघताना फिरवतात तसं, आणि आम्ही बाहेर आलो.

मग किनाऱ्यावरची चिनी जाळी. लांब लाकडांच्या सांगाड्याला बांधलेलं अवाढव्य जाळं पाण्यात सोडायचं आणि दुसऱ्या टोकाला दोरीनं लोंबकळणाऱ्या दगडांच्या भारावर वर ओढायचं. मासे बघायला अक्का तयार नव्हती, ती तोंड फिरवून उभी राहिली. अण्णा मात्र दगडांकडं बघत होते. वजन किती, एका वेळी माणसं किती लागतात, असं रिक्षावाल्याला विचारून घेत होते. "आमच्या मोटेसारखंच हाय की," ते म्हणाले. चेहऱ्यावर उपाशी माणसाचा थकवा नव्हता. उलट मला वाटलं की ते मजेत आहेत, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

अक्कानं तिथंच पहिला प्रयत्न केला. शहाळेवाल्याकडून एक शहाळं घेतलं, ते न फोडता दोन्ही हातांत छातीशी धरलं, पदर डोक्यावर घेतला आणि अण्णांच्या वाटेत उभी राहिली. फोटो काढणारी माणसं थांबून बघायला लागली. अण्णांनी तिच्याकडं बघितलं, हसू दाबलं आणि बाजूनं निघून गेले.

"न्हाय?" अक्कानं मागून ओरडून विचारलं.

त्यांनी नुसता हात हलवला.

त्यानंतर तिनं काही सोडलं नाही. फुलवालीकडून झेंडूची माळ घेऊन उभी राहिली. मला शेजारी ओढून, एका बाटलीला दोघींचे हात लावून उभी राहिली. एका दुकानात रचलेला गूळ दिसला तर ढेप उचलून समोर धरली. अण्णांनी गुळाचा कण नखानं काढून बघितला, "आपल्यासारखा न्हाय," म्हणाले आणि पुढं गेले. रिक्षावाल्याला हे काय चाललंय ते कळेना. अक्कानं त्याला हिंदीत समजावलं, तेव्हा त्यानं खूप विचार केला, आणि पुढच्या थांब्यावर स्वतःची टोपी काढून, तीत एक केळं ठेवून, अगदी गंभीरपणे अण्णांसमोर धरली. अण्णांनी त्याला हात जोडून नमस्कार केला. पण केळं घेतलं नाही.

दुपारच्या सुमारास रिक्षावाल्यानं आम्हाला मसाल्याच्या वखारींच्या भागातल्या एका जैन मंदिरात नेलं. गुजराती लोकांचं मंदिर, पांढरं, शिल्पांनी भरलेलं. आमच्यापेक्षा पूजा वेगळी, पण अण्णांनी मोठ्या समाधानानं दर्शन घेतलं. कबुतरांना दाणे टाकायची तिथं पद्धत आहे. दाणे टाकले की शेकडो कबुतरं एकदम उतरतात, आणि पंखांचा वारा तोंडावर येतो. मी आजूबाजूला बघत होते. खूण इथंच असेल असं मला खात्रीनं वाटत होतं. देवाच्या दारात काय कमी आहे? कलश, नारळ, जोडपी, पांढऱ्या वस्त्रांतली माणसं, सगळं होतं. एका भल्या गृहस्थांनी चौकशी केली, कुठून आलात, आणि घरी जेवायलाच चला म्हणाले. अण्णांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले, विचारपूस केली, आणि नाही म्हणाले.

मंदिराच्या पायऱ्या उतरताना मी एकदा मागे वळून बघितलं. देवाच्या दारात जी खूण मिळाली नाही, ती मग कुठे मिळणार?

तुम्ही दोघी जेवा, अण्णांनीच सांगितलं. आम्ही तयार नव्हतो, पण ते रागावले. एका शाकाहारी खानावळीत केळीच्या पानावर भात आला. अण्णा समोर बसले, पाण्याचा पेला घेऊन. त्यांच्यासमोर जेवणं म्हणजे शिक्षाच होती. मी मान खाली घालून पानात होतं ते संपवलं. चव काय होती, आता विचाराल तर सांगता येणार नाही. त्या महिन्यांत कुठल्याच जेवणाची आली असती असं वाटत नाही. वाढपी पुन्हा भात घेऊन आला तेव्हा मी पानावर हात आडवा धरला. वर बघितलं तर अण्णा माझ्या हाताकडं बघत होते. मला वाटलं, भूक लागली असेल त्यांना, अन्नाकडं लक्ष जात असेल. मी पान दुमडून घाईनं उठले.

त्यानंतर सुंठ आणि वेलदोड्याच्या वासाच्या गल्ल्यांतून फिरलो. जुन्या राजवाड्यात भिंतींवरची चित्रं बघितली. मी शिक्षिका असल्यानं अण्णा मला एकेक चित्र विचारत होते, आणि मला येत होतं तेवढं मी सांगत होते. पण मध्ये मध्ये खिडकीतून ऊन बघायची. ऊन तिरपं व्हायला लागलं होतं.

शेवटी परत किनाऱ्यावर आलो, पाण्याच्या कडेनं फरसबंद वाट आहे तिथं. एका बाकावर अण्णांना बसवलं. समोरून मोठी जहाजं आत-बाहेर करत होती. आमचंही धक्क्यावर थांबलं असणार, ते इथून दिसत नव्हतं. रिक्षावाला म्हणाला, थोड्या वेळात निघायला हवं.

अक्कानं दशम्यांची पिशवी बाकावर ठेवली. ती अण्णांसमोर जाऊन उभी राहिली. यावेळी हातात काही नव्हतं.

"धाकटा गेला," ती म्हणाली. "मी एवढी मोठ्यानं बोलणारी, पण रडले न्हाय तुमच्यासमोर. तुमाला त्रास हुईल म्हणून. आणि तुम्ही असं करतासा व्हय? हिला एकटीला टाकून?" तिनं माझ्याकडं बोट केलं. "हिनं काय करायचं त्या घरात?"

अण्णा खाली बघत होते. "मी कुठं चाललोय," असं काहीतरी पुटपुटले. अक्काला ते ऐकू आलं नाही. तिनं पदरानं डोळे पुसले, पाठ फिरवली, आणि समोर जी पहिली गाडी दिसली तिकडं तरातरा निघून गेली. मी तिच्यामागं गेले.

ती एक साधी हातगाडी होती. काचेच्या मोठ्या बरण्यांत मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या फोडी: आवळे, कैरी, गाजर, अननस. अक्काला काही खायचं नव्हतं, तिला फक्त अण्णांकडं पाठ करून उभं राहायचं होतं. तरी तिनं एक अननसाची फोड मागितली, तीही रडक्या आवाजात. गाडीवाल्यानं फोड काढली, वर लाल तिखट भुरभुरलं आणि काडी टोचून दिली. अक्कानं ती तशीच माझ्या हातात कोंबली आणि नाक पुसायला लागली.

हातात आली म्हणून मी खाल्ली. इतके महिने तसंच चाललं होतं, हातात येईल ते.

आधी नुसतं खारट लागलं. मग आंबट असं आलं की डोळे मिटले आणि जबड्याच्या मागे कळ गेली. त्याच्या मागून गोडी. तोंडाला पाणी सुटलं, अगदी लहानपणी सुटायचं तसं, गिळावं लागलं. तिखट मात्र नावाला होतं. काडी रिकामी झाली तेव्हा रस मनगटावरून कोपराकडं ओघळत होता. मी तो चाटला. आणि गाडीवाल्याकडं हात करून म्हणाले,

"अजून एक दे. आणि तिखट घाल की जरा, हे काय तिखट हाय व्हय?"

आयुष्यभर मी शाळेत मुलांचं 'हाय' आणि 'व्हय' सुधारत आले. तसं बोलायचा माझा नवरा, दुकानात, दिवसभर. ते माझ्या तोंडून कसं निघालं मला कळलं नाही. गाडीवाल्याला मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण त्याला सगळं समजलं. त्यानं हसत दुसरी फोड काढली, तिखटाचा डबा फोडीवर पालथा केल्यासारखा केला, आणि खरंच का, अशा नजरेनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, अजून. अक्का रडायचं थांबून माझ्याकडं बघायला लागली.

दुसरी फोड मी सावकाश खाल्ली. कान गरम झाले, नाकातून पाणी आलं. मग मी कैरी मागितली, तीही खाल्ली.

शेजारून अक्काची किंकाळी नाही, पण तसाच काहीसा आवाज आला. मी वळून बघितलं. बाकावर अण्णांनी अक्काची पिशवी मांडीवर ओढली होती आणि ते तिची गाठ सोडत होते. बाटलीतल्या पाण्यानं त्यांनी हात धुतले. टोपी काढून बाजूला ठेवली, डोळे मिटले, ओठ हलले. आणि मग डोळे उघडून आमच्याकडं बघत म्हणाले, "वाढा कुणीतरी. का आपलं आपणच घ्यायचं?"

अक्का धावली. माझ्या दोन्ही हातांना तिखट आणि खारं पाणी लागलेलं, मी तशीच त्यांच्यासमोर उभी राहिले. अक्कानं कागदावर दशमी ठेवली, चटणी ठेवली. अण्णांनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावला. मी त्यांच्या गळ्याकडं बघत होते. घास खाली गेला. तेव्हा कुठं मी खाली बसले, बाकावर नव्हे, तिथंच फरशीवर, त्यांच्या पायांशी.

दोन दशम्या खाल्ल्यावर त्यांनी सांगितलं. अक्का विचारून विचारून त्यांना खाऊ देत नव्हती म्हणून सांगितलं.

"हिनं आपणहून काय तरी मागून खायचं," ते म्हणाले. "एवढंच धरलं हुतं."

अक्का म्हणाली, "एवढंच? आधी सांगितलं असतं तर काल जहाजातच दोन ताटं मागवली असती की हिनं!"

"सांगितलं तर विधी कसला?"

मग माझ्याकडं न बघता, समोर पाण्याकडं बघत, ते बोलले. एका दमात नाही, घासाघासाला. मी ताट वाढते ते त्यांच्यासाठी आणि ते जेवतात ते माझ्यासाठी. घरात भूक कुणालाच नाही हे त्यांना केव्हाच कळलं होतं. सांगून काही होणार नव्हतं. त्यांनी सांगितलं असतं तर मी हो म्हणून खाल्लंच असतं.

"लग्न होऊन आलीस," ते म्हणाले, "पहिल्या पंगतीला सगळ्या पावण्यांत तू दुसरी पोळी मागून घेतलीस. तूप बी मागितलंस. तुझी सासू बघतच राहिली. मला म्हणाली, ही काय पोरगी म्हणायची! मी म्हणलं, बरी हाय, घर चालंल."

मला ती पोळी आठवत नव्हती. अजूनही आठवत नाही. त्या पंगतीतलं मला फक्त एवढं आठवतं की माझा नवरा समोरच्या ओळीत बसला होता आणि कशाला तरी हसत होता. तो कशाला हसत होता, ते इतक्या वर्षांनी कळलं.

मी विचारलं, आणि मी मागितलंच नसतं तर? अण्णांनी चटणी बोटानं पुसून घेतली. "मग उपास," ते म्हणाले. "मला तर सवय हाय. आणि तू कोल्हापूरची, हितल्या फिक्या जेवणावर किती दिवस गप बसणार?"

अक्का हसली. आधी हसली आणि मग मोठ्यानं रडली, सगळ्या किनाऱ्यानं वळून बघावं इतक्या मोठ्यानं, आणि अण्णांनी उष्ट्या हातानं तिच्या पाठीवर थोपटलं. मी रडले नाही. पोटात कैरी आणि अननस आणि एवढं तिखट, सगळं पेटलं होतं. मला आणखी भूक लागली होती. ती लागलेली कळत होती, पोटात, नेमक्या जागी, आणि ते इतकं बरं वाटत होतं की मी बराच वेळ त्याच्याकडंच लक्ष देऊन बसले. अण्णांनी न विचारता उरलेली दशमी माझ्याकडं सरकवली. मी घेतली.

रिक्षावाला घाई करायला आला तेव्हा आम्ही तिघं कागद झटकत होतो. त्यानं अण्णांच्या हाताला लागलेली चटणी बघितली आणि सगळं समजून दोन्ही हात वर केले. अक्कानं त्याला दोन दशम्या बांधून दिल्या. पुलावरून जाताना सूर्य पाण्याच्या अगदी जवळ आला होता. अण्णा रिक्षेतून वाकून त्याच्याकडं बघत होते. वेळेत झालं, एवढंच म्हणाले.

धक्क्यावर जहाज उभं होतं, सगळे दिवे लावलेलं. शिडीशी तपासणीच्या रांगेत आमच्या पुढच्या बाई मुंबईच्या निघाल्या. मराठी ऐकून मागे वळल्या आणि विचारलं, कशी झाली कोची, काय काय पाहिलं. मी सांगायला लागले. चर्च, जाळी, कबुतरं, राजवाड्यातली चित्रं. कुणीतरी मला काही विचारतंय आणि मी नवऱ्याच्या मरणाची गोष्ट न सांगता दुसरी कसली तरी सांगतेय, हे अर्ध्यात लक्षात आलं. मी थांबले नाही. अननसाचंही सांगितलं.

वर डेकवर उभं राहून आम्ही जहाज सुटताना बघितलं. दोरखंड सुटले, मधलं पाणी रुंद होत गेलं. पिशव्या उतरवायचं आमचं ठरलेलं होतं, ते अण्णांना कधीच सांगितलं नाही. अक्कानं विचारलं, "मग अण्णा, उद्या काय धरणार? आत्ताच सांगा, मी नारळ घेऊन ठेवते."

अण्णांनी टोपी वाऱ्यानं उडू नये म्हणून हातानं दाबून धरली होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"उद्या सकाळी नाष्टा किती वाजता असतोय गं?" त्यांनी विचारलं.

मी वेळ सांगितली. आणि म्हटलं, मी पण येते, एकत्रच बसू.